बापलेकांचा नौकाप्रवास आणि पंधरा ताम्रचित्रे

गावाहून कोणी परत आला म्हणजे घरातली माणसे त्याच्याभोवती गोळा होतात. मुक्काम कोठे पडला, जेवणाचे काय झाले, वाटेत पाऊस लागला की काय, असे प्रश्न सुरू होतात. आणि सांगणारा रंगात आला, तर दिवा मालवण्याची वेळ केव्हाच टळून जाते. असा एखादा सांगणारा प्रत्येक कुटुंबात असतोच. तो अर्धे खरे सांगतो, अर्धे तिखटमीठ लावतो, आणि ऐकणारांना दोन्ही सारखेच गोड लागते.

सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी फ्रान्स देशात असाच एक सांगणारा होऊन गेला. फरक एवढाच, की तो तोंडाने सांगण्याऐवजी हाताने सांगत असे. नदीवरचा प्रवास आटोपून घरी आला, की प्रवासातल्या गमतीजमती तो कागदावर रेखाटून घरच्यांपुढे ठेवी. त्या रेखाटनांतून पुढे पंधरा लहान छापचित्रे निर्माण झाली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयासारख्या मोठमोठ्या संस्थांनी ती जपून ठेविली आहेत. प्रत्येक चित्र आकाराने पोस्टकार्डापेक्षा फारसे मोठे नाही. त्यांत राजा नाही, युद्ध नाही, देवदेवता नाहीत. आहे ती एक होडी, एक बाप, एक मुलगा, काही मित्र, थोडी भांडीकुंडी आणि पुष्कळसे पाणी. ‘होडीतील प्रवास’ असे या चित्रमालेचे साधे नाव आहे.

चित्रकाराचे नाव शार्ल-फ्रान्स्वा दोबिन्यी. १८१७ साली पॅरिस शहरी त्याचा जन्म झाला. बापही चित्रकारच, म्हणजे घरी रंग पुष्कळ आणि पैसा बेताचा. मूल प्रकृतीने नाजूक, म्हणून त्याला लहानपणी वाज नदीकाठच्या व्हाल्मोंद्वा या खेड्यात एका दाईकडे वाढावयास ठेविले होते. शहरात जन्मलेल्या त्या मुलाला नदी, मळे आणि सफरचंदाची झाडे यांचा जो लळा लागला, तो जन्मभर सुटला नाही. माणूस लहानपणी ज्या अंगणात खेळतो तेथे त्याचे मन पुन्हा पुन्हा जाते, हे आपल्या परगावी गेलेल्या मंडळींना सांगावयास नको.

तरुणपणी त्याने मिळेल ते काम केले. इटली पाहावी, ही त्या काळच्या प्रत्येक होतकरू चित्रकाराची इच्छा असे. दोबिन्यीने आणि त्याच्या एका मित्राने मिळकतीतून उरेल ते नाणे भिंतीतल्या एका भोकात टाकावयास सुरुवात केली. पुरेशी रक्कम साठली तेव्हा भिंत फोडून पैसे काढले आणि १८३६ साली दोघे पायी इटलीच्या वाटेला लागले. परत आल्यावर सरकारी चित्रशाळेची मोठी शिष्यवृत्ती मिळवावी, असा त्याने प्रयत्न केला. १८४१ साली ती हाती येण्याचा संभव होता. परंतु एका सक्तीच्या हजेरीस तो चुकला आणि तेवढ्यावरून स्पर्धेतून बाद झाला. मग वर्षानुवर्षे पोटासाठी त्याने पुस्तकांतली चित्रे काढली. दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टी, दुसऱ्याने ठरविलेले प्रसंग, आणि ठरलेल्या मुदतीत काम. या काळात त्याचे लग्न झाले, आणि सेसील ही मुलगी व कार्ल हा मुलगा अशी अपत्ये झाली. हे मजुरीचे काम त्याला कंटाळवाणे वाटले असेल. पण तांब्याच्या पत्र्यावर सुई चालविण्याची जी सफाई त्याच्या हाती आली, ती याच वर्षांतली कमाई होय. पुढे नशीब उघडले. १८५३ साली त्याचे ‘झिल्यूचे तळे’ हे चित्र गाजले आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ते विकत घेतले. हातात थोडा पैसा खेळू लागला.

त्या पैशांतून १८५७ साली त्याने काय घ्यावे? एक होडी! सपाट तळाची, जाड बांध्याची, उथळ पाण्यातही चालेल अशी. तिच्या मागच्या अंगाला फळ्या ठोकून त्याने एक खोली उभी केली. दिवसा तीच चित्रशाळा, रात्री तेच निजण्याचे घर. तिचे नाव ‘बोतँ’. लोकांना ती तरंगती पेटीच वाटे. वाऱ्याची मदत मिळाली तर शीड, नाहीतर वल्ही, आणि तेही न चालल्यास काठावरून दोराने ओढणे, अशी तिची चाल होती. देखणेपणात तिचा नंबर शेवटचा लागला असता. पण दोबिन्यीला होडी बघण्यासाठी नको होती, होडीतून बघण्यासाठी हवी होती.

हा मुद्दा थोडा समजून घेतला पाहिजे. काठावर बसणाऱ्या चित्रकाराला नदी पलीकडची दिसते. आणि नदीच्या मध्यभागी बसणाऱ्याला दोन्ही काठ, त्यांची प्रतिबिंबे आणि वरचे सारे आकाश एकाच वेळी दिसते. ज्यांनी तरीतून खाडी ओलांडली आहे, त्यांना हे लगेच पटेल. पाण्याच्या सपाटीवर डोळा आला म्हणजे ओळखीचा काठही वेगळा भासतो. झाडे उंच होतात, घरे मागे सरतात, आणि पाण्यावरचा उजेड क्षणोक्षणी पालटतो. तो पालटणारा उजेड जागच्या जागी टिपावयाचा, तर चित्रकाराने आपली चित्रशाळाच पाण्यावर न्यावी, असे दोबिन्यीला वाटले. घरी बसून आठवणीने रंगविलेली नदी त्याला खोटी वाटू लागली होती.

पहिल्या सफरीच्या वेळी कार्ल अकरा वर्षांचा होता. बाप झाला होडीचा तांडेल, आणि मुलगा झाला खलाशी पोर. बापाचा वडीलधारा स्नेही कोरो हा त्या काळचा नामांकित निसर्गचित्रकार. त्याला सर्वांनी मिळून ‘मानद आरमारप्रमुख’ अशी पदवी दिली! आरमार म्हणजे ही एक होडी, हे सांगणे नकोच. मोठ्या माणसांनी लहान मुलांच्या खेळात इतक्या गंभीरपणे भाग घ्यावा, हे पाहून मौज वाटते. सेन आणि वाज या दोन नद्यांवर ही मंडळी आठवड्यामागून आठवडे हिंडली. वाज नदी पॅरिसच्या वायव्येस काँफ्लां येथे सेन नदीला मिळते. त्या संगमाच्या आसपासचा सारा मुलूख दोबिन्यीला तळहातासारखा पाठ झाला.

घरी परतल्यावर त्याने काढलेली ही रेखाटने मुळात विकण्यासाठी नव्हती, घरच्यांच्या करमणुकीसाठी होती. चित्रे पाहताना हे विसरता कामा नये, कारण त्यांतला सारा मोकळेपणा तेथूनच आला आहे. पाच वर्षांनी, १८६२ साली, त्यांवरून त्याने तांब्याचे पत्रे कोरले. पॅरिसमधील कादार नावाच्या प्रकाशकाने ती चित्रे प्रसिद्ध केली आणि देलात्र या निष्णात मुद्रकाने ती छापली. पंधरा चित्रे आणि वर एक चित्रमय शीर्षकपृष्ठ.

आता ती चित्रे एकेक करून पाहू. सर्वच नव्हेत, मला आवडतात तेवढी.

आरंभी निरोपाचे जेवण आहे. पॅरिसजवळच्या आन्येर गावी मित्रमंडळी मेजाभोवती जमली आहेत. प्रवास म्हटला की आधी जेवण, ही रीत केवळ आपल्याकडचीच नाही. नंतर होडीत सामान भरण्याची गडबड. बिऱ्हाड हलविताना असते तशीच ही धांदल आहे. सामान नदीपर्यंत वाहून आणणारी गाडी रिकामी झाली, की ती पोरांच्या ताब्यात जाते. त्या चित्राचे नावच मुळी ‘गाडीचा वारसा’. मोठ्यांना नको झालेली वस्तू मुलांच्या हाती पडली, की ती किती मोलाची होते!

पुढे होडी चालू लागते, आणि मग माझे सर्वांत आवडते चित्र येते. नदीच्या काठाने मुलगा दोर ओढीत चालला आहे. मागे त्या दोराच्या टोकाला होडी. प्रवाहाविरुद्ध जावयाचे आणि वारा नाही, तेव्हा दुसरा उपाय कोणता? त्या काळी माल भरलेले मोठे पडाव काठावरून घोडे ओढीत नेत. बोतँच्या वाट्याला घोड्याऐवजी कार्ल आला. चित्र अगदी थोड्या रेषांचे आहे, परंतु दोरावर ताण आहे हे पाहताक्षणी कळते. मुलाला दोर ओढावयास लावून बाप आरामात बसला, असे एखादी आई चित्र पाहून म्हणेल, आणि तिचे म्हणणे अगदीच चुकीचे ठरणार नाही. तथापि चित्र काढणारा तोच बाप आहे. आपल्या मुलाची पाठ त्याने किती नीट पाहिली होती, हेही त्याच चित्रात दिसते. घरी जेव्हा हे रेखाटन पुढे आले असेल, तेव्हा कार्लची मान ताठ झाली असेल यात मला शंका नाही. काम केल्याचा पुरावा त्याला मिळाला होता.

मग आगबोट येते. आगबोटीच्या लाटांनी लहानगी बोतँ डुलू लागते. ‘आगबोटीपासून सावध’ असा इशाराच या प्रसंगात आहे. यात विनोद आहे, पण थोडी धाकधूकही आहे. १८४३ मध्ये रेल्वे पॅरिसहून रुआँपर्यंत पोहोचली होती. नदीवर यंत्रे चालू लागली होती. वल्ह्याची आणि दोराची नदी हळूहळू मागे पडत होती. दोबिन्यी त्याविषयी एक अक्षर तक्रार करीत नाही. शेवटच्या चित्रात स्वतः ही मंडळी आगगाडीनेच घरी परततात! मात्र त्याने जी नदी चित्रांत ठेविली, ती अशा वेळी ठेविली, की आणखी थोड्या वर्षांनी तिचे बरेचसे रूप राहिले नसते.

रात्रीची चित्रे निराळी आहेत. उतारशाळा शोधीत अंधारात फिरणारी मंडळी, उतारशाळेतला अंधारा बोळ, आणि होडीतल्या खोलीत दाटीवाटीने निजणे. येथे दोबिन्यीने रेषांवर रेषा टाकून काळोख उभा केला आहे, आणि मध्ये थोडा कागद कोरा सोडून दिवा लावला आहे. कोरा कागद म्हणजेच उजेड, ही छापचित्राची जुनी किमया होय. कंदिलाच्या उजेडात ज्यांनी बालपण काढले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही चित्रे दाखविली, तर समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

आणि मग ते चित्र, ज्यासाठी ही माला विशेष प्रसिद्ध आहे: ‘होडीतील चित्रशाळा’. आपण खोलीच्या आतून पाहत आहोत. चित्रकार आपल्याकडे पाठ करून बसला आहे आणि कामात गढलेला आहे. पुढे उघड्या तोंडातून नदी आणि काठ दिसतो. आत सामानाची गर्दी. त्या पसाऱ्यातच ‘रेआलिस्म’ असा एक शब्द लिहिलेला दिसतो. रेआलिस्म म्हणजे वास्तववाद. जे आहे ते जसे आहे तसे दाखविणे. त्या काळी पॅरिसमध्ये या शब्दावरून भांडणे होत, टीकाकारांचे लेख गाजत. दोबिन्यीने तो शब्द भांडणासाठी वापरला नाही. घरातल्या भांड्याकुंड्यांच्या बरोबरीने तो तेथे ठेवून दिला. थट्टा म्हणून, की जाहीरनामा म्हणून? मला वाटते, दोन्ही.

अशी चित्रे कशी छापली जातात, हे जाणून घेतल्यावाचून त्यांची खरी किंमत कळणार नाही. आपल्या घरांच्या भिंतींवर येशूच्या पवित्र हृदयाची, पवित्र मातेची जी चित्रे असतात, किंवा राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातून जी देवादिकांची चित्रे घरोघर गेली, त्यांची रीत निराळी. रविवर्म्यांच्या छापखान्यात ती दगडावरून छापत. दोबिन्यीची रीत तांब्याची आणि तेजाबाची.

तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यावयाचा, तो जरा तापवून त्यावर मेण व राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यावयाचा, आणि मेणबत्तीच्या धुराने तो थर काळा करावयाचा. मग त्या काळ्या थरावर सुईने रेखाटावयाचे. सुई जेथे फिरते तेथे थर निघून खालचे लालसर तांबे चकाकते. जोर लावण्याचे कारण नाही. हात कागदावर चालावा तसा सहज चालतो. रेखाटणारास हा फार मोठा फायदा आहे, आणि दोबिन्यीच्या चित्रांना घरगुती गप्पांचा जो ओघ आहे, तो याच सहजतेमुळे राहिला. त्यानंतर पत्र्याच्या मागच्या बाजूस व कडांस तेजाब लागू नये अशी तजवीज करून, तो पाणी घातलेल्या तेजाबात ठेवावयाचा. सोनारांना हे तेजाब ठाऊक आहे. उघड्या रेषांवर बारीक बुडबुडे धरू लागतात. पिसाने ते हळूच सारावे लागतात. तेजाब तांबे खाते, रेष खोल होते. ज्या रेषा फिकट हव्यात त्यांवर पत्रा लवकर बाहेर काढून वार्निश लावावयाचे. ज्या काळ्या हव्यात त्या पुन्हा तेजाबात ठेवावयाच्या. म्हणजे दूरचे आकाश काही मिनिटांचे, आणि जवळचा काळोख पुष्कळ वेळाचा.

येथेच सारी जोखीम आहे. सुईची चूक एक वेळ झाकता येते. तेजाबाची चूक झाकणे फार अवघड. क्षणभर जास्त ठेवले तर नाजूक रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. केलेले रेखाटन कितीही सुंदर असो, तेजाबातून पत्रा बाहेर येईपर्यंत त्याचे काय झाले हे निश्चित सांगता येत नाही.

मग थर धुऊन काढावयाचा, खाचांत शाई भरावयाची, वरचा पृष्ठभाग कापडाने आणि शेवटी तळहाताने पुसून घ्यावयाचा. ओलसर कागद त्यावर ठेवून, वर नमद्याची घडी घालून, दोन रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा काढला, की कागद खाचांत शिरून शाई ओढून घेतो. चित्र उलटे उमटते. डावे ते उजवे. म्हणून पत्र्यावर अक्षरे लिहिणारास ती उलटी लिहावी लागतात. प्रत्येक प्रतीसाठी शाई भरणे आणि पुसणे पुन्हा करावे लागते. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. देलात्र या मुद्रकाची ख्याती अशा पुसण्याच्या कौशल्यासाठीच होती. कोठे शाईची बारीकशी झाक ठेवावयाची आणि कोठे कागद स्वच्छ ठेवावयाचा, हे त्याच्या तळहाताला कळे.

दोबिन्यी याने त्याच १८६२ साली काचेवरही प्रयोग केले. काजळी अथवा रंग लावलेल्या काचेवर सुईने रेखाटून, ती काच छायाचित्राच्या कागदावर ठेवून उन्हाने चित्र उमटवावयाचे, अशी ती पद्धत. पंचेचाळिशीतल्या माणसाची जिज्ञासा अजून शाळकरी पोरासारखी होती, एवढ्यासाठी हे सांगितले.

आता या हसऱ्या चित्रांच्या मागे कोणती वादळे होती, तेही सांगितले पाहिजे. १८६१ साली, म्हणजे ही माला निघण्याच्या आदल्या वर्षी, तेओफिल गोतिए या प्रख्यात साहित्यिकाने दोबिन्यीच्या चित्रांवर असा आक्षेप घेतला, की इतकी खरी दृष्टी असलेला हा माणूस पहिल्या ठशावरच समाधान मानतो आणि बारकावे सोडून देतो. त्या काळच्या पॅरिसमध्ये अशी टीका हलकी नव्हती. तेथे सरकारी प्रदर्शनात चित्र लागले तर गिऱ्हाईक मिळे. परीक्षकांनी नाकारले तर मेहनत फुकट जाई. लेकरेबाळे असलेल्या माणसाने टीकाकारांचे ऐकून पाने-फांद्या मोजून रंगविण्यास सुरुवात केली असती, तर त्याला कोणी दोष दिला नसता. दोबिन्यीने ऐकले नाही. तो पुन्हा होडीत जाऊन बसला.

आणि पुढे जेव्हा तो स्वतः त्या प्रदर्शनाचा परीक्षक झाला, तेव्हा आपण भोगलेले तो विसरला नाही. १८६८ साली त्याने मोने, पिसारो, रन्वार या त्या वेळच्या अनोळखी तरुणांची बाजू घेऊन त्यांची चित्रे आत घेण्यासाठी भांडण मांडले. १८७० साली परीक्षकांनी मोनेचे चित्र नाकारले, तेव्हा दोबिन्यी आणि त्याचा जुना ‘आरमारप्रमुख’ कोरो या दोघांनीही राजीनामा दिला. त्याच वर्षी युद्ध पेटले आणि मंडळी लंडनला गेली. तेथे हलाखीत असलेल्या मोनेची आणि चित्रांचा व्यापारी द्युराँ-र्‍युएल याची गाठ घालून दिली ती दोबिन्यीनेच. पुढे मोने व त्याच्या सोबत्यांना याच व्यापाऱ्याने दीर्घकाळ हात दिला. ज्याने स्वतः दार ठोठावले आहे त्याला बाहेर उभ्या असलेल्यांचे दुःख कळते. पण सर्वांनाच कळते असे नाही. खुर्ची मिळाली की पुष्कळांचे पाय विसरतात. म्हणून ही हकीकत मला त्याच्या चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

मोनेने पुढे काय करावे? १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यानेही एक होडी घेऊन तिच्यावर खोली बांधली आणि सेन नदीवर चित्रे काढू लागला! १८७४ साली त्याचा मित्र माने याने त्याला त्या होडीत बसलेला रंगविला. ते चित्र आज जर्मनीतील म्युनिक शहरी आहे. बोतँची ही जणू पुढची पिढी होय.

दोबिन्यीने १८६० च्या सुमारास वाज नदीकाठी ओव्हेर येथे घर बांधले. घराच्या भिंती स्वतः, मुलांनी आणि मित्रांनी मिळून चित्रांनी भरल्या. कोरोचा हात त्यांत आहे. मुलगी सेसील हिच्या खोलीत फुले आणि बालकथांतील प्रसंग रंगविले. आजही ते घर पाहावयास मिळते. नदीवरून घरी आले की पुन्हा कुंचले, अशी या कुटुंबाची विश्रांती होती. खलाशी पोर कार्ल याने ताम्रचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १८६३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी सरकारी प्रदर्शनात आपले पहिले चित्र लाविले. तोही निसर्गचित्रकारच झाला. मात्र आयुष्य लांबले नाही. बाप १८७८ साली गेला. मुलगा १८८६ साली, चाळिशी पुरी होण्यापूर्वीच. चार वर्षांनी, १८९० साली, व्हिन्सेंट व्हॅन गॉग ओव्हेरला राहावयास आला, तेव्हा त्याने दोबिन्यीची बाग पुन्हा पुन्हा रंगविली. त्या बागेच्या मागच्या बाजूस काळ्या पोशाखातील एक बाई उभी दिसते. ती दोबिन्यीची विधवा पत्नी. होडी भरून निघणाऱ्यांना निरोप देणारी, परतल्यावर रेखाटने पाहणारी, नवरा आणि मुलगा दोघांच्या मागे राहिलेली. पंधरा चित्रांच्या गोष्टीतले हे पात्र चित्रांच्या बाहेरच राहिले होते. ते असे दुसऱ्याच चित्रकाराच्या हातून आत आले.

एक चित्र सांगावयाचे राहिले. मुलांना ते अगोदर दाखवावे. प्रवास संपला आहे, खलाशी पोर होडी सोडून घरी निघाला आहे, आणि नदीतले मासे आनंदाने उड्या मारीत नाचत आहेत! त्या चित्राचे नावच ‘खलाशी पोर गेल्याबद्दल माशांचा आनंदोत्सव’ असे आहे. इतके दिवस गळ टाकून बसलेला तो पोरगा एकदाचा टळला, म्हणून पाण्यात जत्रा भरली आहे. कार्लने हे चित्र पहिल्यांदा पाहिले, तेव्हा तो रागावला की हसला, हे कोठे लिहून ठेवलेले नाही.